मोरणीची बारा सेकंदांची थरथर

सावंतवाडीच्या रघुवीर तेंडोलकरांकडे नऊ वर्षांपासून एक पत्र पडून होतं. त्याला उत्तर गेलेलं नव्हतं.

आता रघुवीर आजोबा उत्तर लिहायला बसलेच नाहीत, असं कोणी म्हणू नये. ते चौदा वेळा बसले होते. चौदाही वेळा "आपले पत्र मिळाले" एवढं लिहून झालं की पेन थांबायचं. मग आजोबा उठायचे आणि कपाटातून एखादं पुस्तक काढायचे. पुस्तक वाचणाऱ्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, हे त्यांना फार लहानपणी कळलं होतं. उभं आयुष्य त्यांनी यंत्रांच्या कंपनांचा (म्हणजे थरथरीचा) अभ्यास केला, त्यावर तीन जाडजूड पुस्तकं लिहिली; पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा स्वतःचाच आवाज थरथरायचा.

पत्र कोल्हापूरच्या बाबालाल मुजावरांचं होतं. पत्रासोबत एक जड लाकडी पेटीही आली होती. पत्र कपाटात गेलं आणि पेटी मागच्या पडवीत, जुन्या सायकलीखाली.

सन २०६६ च्या मे महिन्यात आजोबांची अकरा वर्षांची नात गोदा सुट्टीला आली. जी पेटी नऊ वर्षं तशीच राहिली होती, ती गोदा आल्यावर नऊ मिनिटंही टिकली नाही.

"आजोबा, हे काय आहे?"

आजोबा पडवीत आले. पेटीचं झाकण बाजूला पडलं होतं. शेजारी चिमटा उभा होता. चिमटा म्हणजे आजोबांचा मदतनीस यंत्रमानव. गुडघ्याएवढा उंच, तीन चाकांचा आणि एका हाताला भलामोठा चिमटा असलेला. तोच चिमटा त्याने झटकन पाठीमागे लपवला.

"मी उघडली नाही," चिमटा म्हणाला. "मी फक्त खिळे काढले. उघडली गोदाने."

पेटीत गवताच्या गादीवर एक गोल, पोलादी वस्तू होती. मोठ्या कलिंगडाला दोन्हीकडून दाबावं, तशी. मधोमध भोक, आणि कडेला एका ठिकाणी डाग देऊन बसवलेली लोखंडाची छोटी पट्टी.

"टॉर्क कन्व्हर्टर," आजोबा हळूच म्हणाले. "टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर, पीळ. जुन्या गाड्यांमध्ये इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवायला हा डबा असायचा. हा शंभर वर्षांपूर्वीच्या एका गाडीतला आहे. मोरपंखी रंगाची गाडी, म्हणून तिला मोरणी म्हणायचे."

"म्हणायचे? आता नाही म्हणत?"

आजोबा पडलेलं झाकण उचलायला वाकले. पण गोदाला प्रश्न विचारून थांबायची सवय नव्हती. पेटीच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं, "सोबत पत्र पाठवले आहे." मग वळून विचारलं, "पत्र कुठंय?"

शेवटी पत्र आलं. आजोबांनी ते हातात दिलं आणि स्वतः खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू परीक्षेचा निकालच लागणार होता. गोदाने वाचायला सुरुवात केली.

"तेंडोलकर सरांना बाबालालचा नमस्कार. मोरणीचा डबा मशीनवर चढवला की काटा दर वेळी वेगळी जागा जड दाखवतो, असं मी विचारलं होतं. तुम्ही कळवलं, आतलं चाक हलत असेल, ते मधल्या भोकातून बाहेरच्या डब्याला आवळून टाका आणि मग मोजा. तसं केलं. काटा एका जागी गप उभा राहिला. जड जागेच्या बरोबर समोर पट्टीचं वजन लावलं. मशीनवर डबा लोण्यासारखा फिरला. पण सर, आवळलेलं सोडून गाडीत बसवला आणि थरथर पहिल्यापेक्षा जास्त! काचा वाजायला लागल्या. आता चूक कुठं म्हणायची, हिशेबात का हातात? कृ. मा. प."

"कृ. मा. प. म्हणजे काय?"

"कृपया मागे पाहा," आजोबा म्हणाले. "पान उलटा, असं. जुन्या पत्रांत लिहायची पद्धत होती."

"मग मागे काय लिहिलंय?"

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी मागे पाहिलं नाही."

"नऊ वर्षं?"

"मला वाटलं, मागे लिहिलं असेल की चूक तुमची आहे. ते बरोबरच असणार, असंही वाटलं. मग धीर झाला नाही."

चिमट्याने दिव्यांची दोनदा उघडझाप केली. "गणिताप्रमाणे हे तीन हजार दोनशे..."

"चिमट्या, गप," गोदा म्हणाली आणि तिने पान उलटलं.

मागची शाई थोडी फिकी झाली होती.

"हिशेबात चूक असणार नाही, तुम्ही एवढं शिकलेलं माणूस. म्हणजे माझा हातच चुकला. वय झालं, दुसरं काय. तुमचं काही वेगळं मत असलं तर कळवा. नाही कळवलं तर मी समजेन की हातच चुकला, आणि आजपासून बॅलन्सिंगचं काम बंद करेन. डबा तुम्हाला पाठवतोय, पोरांना शिकवायला उपयोगी पडंल. एक तेवढं सांगून ठेवतो. थरथर आता कायम नाही. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, इंजिन दोन हजार फेऱ्यांवर ठेवलं, तर थरथर वाढत जाते, मग कमी होत होत गप होते, पुन्हा वाढते. मी घड्याळ लावून बघितलं. दर बारा सेकंदांनी. लोभ असावा."

आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता. नऊ वर्षं ते स्वतःच्या चुकीला भीत होते, आणि तिकडे एका माणसाने त्यांच्या गप्प बसण्यालाच उत्तर समजून हातातलं काम खाली ठेवलं होतं.

"चिमट्या," गोदाने विचारलं, "बाबालाल मुजावर आता कुठे आहेत ते शोध ना."

चिमट्याने क्षणभर घरघर केली आणि भिंतीवर एक चित्र पाडलं. कोल्हापुरातल्या एका गल्लीचं, गेल्या महिन्यातलं. दारात बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं, आणि वर एक पाटी: "बॅलन्सिंगचे काम बंद आहे. चहा चालू आहे."

"ताडपत्रीखाली मोरणीच असणार," आजोबा म्हणाले. "त्या गल्लीतल्या प्रत्येक नवरानवरीची वरात तिच्यातून निघायची." ते उठले. गुडघे कुरकुरले, पण ते उठले. "गोदा, डोळ्यांना चष्मा लाव. चिमट्या, डबा चाचणीच्या दांड्यावर चढव. चूक हातात आहे की हिशेबात, ते आता पाहायलाच हवं."

"आधी मला सांगा, या डब्यात असतं काय," गोदा म्हणाली.

आजोबांनी टेबलावर दोन छोटे पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही हळूहळू फिरायला लागला.

"तार नाही, साखळी नाही, तरी फिरतोय. कशामुळे?"

"वाऱ्यामुळे."

"आता वाऱ्याऐवजी तेल आहे असं समज. डबा तेलाने भरलेला. डब्याच्या एका बाजूला आतून पाती बसवलेली. हा झाला चालू पंखा. इंजिन डब्याला फिरवतं, पाती तेल भिरकावतात. समोर आणखी एक पात्यांचं चाक असतं, डब्याला न चिकटलेलं, मोकळं. तेल त्याच्यावर आदळतं आणि ते फिरतं. तेच पुढे गाडीची चाकं फिरवतं. दोघांच्या मध्ये तिसरं एक लहान चाक असतं. परतणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेला वळवतं. त्यामुळे गाडी निघताना जोर वाढतो."

"आणि थरथर?"

आजोबांनी जुनी सायकल उलटी करून उभी केली आणि पुढचं चाक हलकेच फिरवून सोडलं. चाक थांबता थांबता मागेपुढे झुललं आणि हवा भरायची नळी तळाशी येऊन स्थिरावलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा नळी तळाशीच.

"नळीची बाजू जड आहे," गोदा म्हणाली.

"बरोबर. जड बाजू खाली येते. हे झालं सावकाश फिरताना. जोरात फिरताना मात्र जड बाजू चाकाला बाहेर ओढते. इंजिनाच्या वेगात, मिनिटाला दोन हजार फेऱ्या असताना, या डब्यात दोन सुपाऱ्यांएवढं वजन एका बाजूला जास्त असलं, तर त्याची ओढ दहा किलो ज्वारीच्या पिशवीएवढी होते. आणि ती पिशवी डब्याबरोबर गरगर फिरते. मग गाडी थरथरणार नाही तर काय करेल? म्हणून जड जागेच्या बरोबर समोर तेवढंच वजन लावायचं. दोन्ही ओढी एकमेकींना खेचून धरतात. याला म्हणतात बॅलन्सिंग (तोल साधणं)."

"ते तर बाबालाल आजोबांनी केलंच होतं. मशीनवर डबा लोण्यासारखा फिरला."

"हं," आजोबा म्हणाले. इथेच तर त्यांची गाडी नऊ वर्षं अडली होती.

चिमट्याने डब्यात तेल भरलं आणि मोटर चालू केली. वेग वाढत दोन हजारांवर गेला. भिंतीवरच्या तबकडीचा काटा थरथर मोजत होता. तो शून्यापाशी होता. मग वर चढू लागला. टेबलावरचे लोखंडी पाने वाजायला लागले, चष्म्याची डबी खाली पडली. आणि काटा परत उतरत शून्यावर आला.

"येते नि जाते!" गोदा ओरडली. "पत्रात लिहिलंय तशीच!"

"अकरा पूर्णांक आठ सेकंद," चिमटा म्हणाला. "आपलं तेल थोडं थंड आहे."

काटा पुन्हा चढत होता. गोदा त्याच्याकडे टक लावून पाहत होती. अचानक ती हसली.

"आजोबा, हा तर दादू आहे!"

"कोण दादू?"

"माझा मामेभाऊ हो! तळ्याकाठच्या बागेत फिरता झुला आहे ना, गोल फळीचा. दादू जाडा आहे, तो एका कडेला बसला की झुला कलतो. म्हणून मी दप्तर घेऊन बरोबर त्याच्या समोर बसते. मग कलत नाही. पण दादूला एका जागी बसवतं कुठे! तो उठून कडेकडेने चालायला लागतो. चालत चालत माझ्या बाजूला आला, की आम्ही दोघं एकाच बाजूला. तेव्हा झुला असा कलतो की मी पडतेच. मग तो पुढे जातो, परत समोर येतो, परत सगळं ठीक. हा काटा तस्साच करतोय."

आजोबा खुर्चीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले.

"गोदा," ते म्हणाले, "परत सांग. दादू चालतो."

"दादू चालतो. मी बसलेली."

"तू म्हणजे बाबालालनी डब्याला लावलेली पट्टी. ती डब्याला घट्ट. आणि दादू म्हणजे आतलं मोकळं चाक. जड बाजू आतल्या चाकाची आहे! मशीनवर काटा दर वेळी वेगळी जागा दाखवत होता, कारण आतलं चाक दर वेळी वेगळ्या जागी थांबलेलं असायचं. आणि मी काय सांगितलं? त्याला आवळून टाका!" आजोबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी दादूला दोरीने बांधलं आणि मग तुला त्याच्यासमोर बसवलं. दोरी आहे तोवर सगळं छान. गाडीत गेल्यावर दोरी सुटली."

"पण दादू चालतो का? दोन्ही चाकं एकदमच फिरतात ना?"

"अगदी एकदम नाही. तेलाने ढकललेलं चाक नेहमी जरासं मागे पडतं. याला स्लिप (मागे राहणं) म्हणतात. हं, आता तूच हिशेब कर. दर बारा सेकंदांनी आतलं चाक एक फेरी मागे पडतं. मिनिटात किती?"

"साठ भागिले बारा. पाच."

"म्हणजे डबा दोन हजार फेऱ्या मारतो, तेव्हा आतलं चाक एक हजार नऊशे पंच्याण्णव. बाबालालनी हातातल्या घड्याळावर ते मोजलं होतं, गोदा. उत्तर त्यांनी स्वतःच मला लिहून पाठवलं होतं. पानाच्या मागे."

पुढचं काम चिमट्याचं होतं. तेल काढून, डबा फिरवत फिरवत त्याने जोडाची कड इतक्या नाजूकपणे कापली, की करंजी उघडावी तसे दोन अर्धे वेगळे झाले. आतलं चाक बाहेर निघालं. आजोबांनी ते दांड्यावर बसवलं आणि दांडा दोन धारदार पट्ट्यांवर ठेवला. चाक झुललं, डुललं आणि थांबलं. खूण केली. पुन्हा फिरवलं; तीच खूण तळाशी. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा तीच.

खुणेपाशी पिवळसर काहीतरी चमकत होतं. फार फार पूर्वी एक पातं निखळलं असणार आणि कोणीतरी ते जोडताना पितळेचा भरघोस गोळा ओतला होता.

"दोन सुपाऱ्या!" गोदा म्हणाली.

"एकोणीस ग्रॅम जास्त," चिमट्याने दुरुस्ती केली.

पितळ थोडं थोडं घासून काढलं. चाक आता फिरवलं की कुठेही थांबायचं. मग डब्यावरची बाबालालची पट्टी सोडवली आणि डबा एकटा तपासला. तोही कुठेही थांबत होता. डब्यात कधी खोट नव्हतीच.

"दोघांचा तोल वेगवेगळा साधायचा," आजोबा पुटपुटले. "मग आतलं चाक हवं तिकडे भटको. किती सोपं आहे हे. मला तेव्हाच सुचायला हवं होतं."

"तुम्हाला दादू नव्हता ना," गोदाने त्यांची समजूत काढली.

डबा पुन्हा जोडून, जोडल्यावर परत एकदा तपासून, तेल भरून दांड्यावर चढला. मोटर सुरू झाली. पाचशे. हजार. दोन हजार. तिघंही काट्याकडे पाहत होते. बारा सेकंद गेले. आणखी बारा. आजोबांनी श्वास रोखून धरला होता, तो पाचव्या बारा सेकंदांनंतर सोडला. काटा शून्यापाशी निजला होता. गोदाने डब्याखालच्या टेबलावर पाण्याने भरलेला पेला ठेवून पाहिला. पाण्यावर एक वलयसुद्धा उठलं नाही.

आजोबांना वाटलं होतं, चूक आपलीच निघाली तर आपण जमिनीत जाऊ. चूक त्यांचीच निघाली होती, स्पष्ट आणि पुरती. आणि त्यांना चक्क भूक लागली होती. नऊ वर्षं छातीवर ठेवलेली पेटी कोणीतरी उचलून नेली असावी, असं हलकं हलकं वाटत होतं.

"चिमट्या, पोहे कर," ते म्हणाले. "आणि मला कागद आण."

"संदेश पाठवू का? एका सेकंदात पोचेल."

"नको. त्यांनी कागदावर विचारलंय, उत्तर कागदावरच जाईल."

पंधराव्यांदा आजोबा लिहायला बसले. "आपले पत्र मिळाले" असं लिहिलं, आणि या वेळी पेन थांबलं नाही.

"आपले पत्र मिळाले. ते मी अर्धेच वाचले होते, याची लाज वाटते. बाबालालजी, तुमचा हात चुकला नव्हता. चूक माझ्या सल्ल्यात होती. आतले चाक आवळून मोजायला मी सांगितले, आणि तिथेच सगळे फसले. कसे, ते माझी नात गोदा हिने सोबतच्या चित्रात काढले आहे. चित्रातला जाडा मुलगा म्हणजे आतले चाक. तुम्ही घड्याळ लावून मोजलेले बारा सेकंद नसते, तर आम्हाला हे कधीच उमगले नसते. डबा आता शांत फिरतो. पण गाडीत बसवल्यावर शेवटची तपासणी तुमच्याच हाताने व्हायला हवी. माझा त्या हातावर भरवसा आहे. कृ. मा. प."

"आजोबा, जागा शिल्लक आहे की खाली," गोदा म्हणाली. "मग मागे का?"

"त्यांना पान उलटू दे," आजोबा म्हणाले.

पानामागे त्यांनी एकच ओळ लिहिली, आणि गोदाला ती वाचून इतका आनंद झाला, की तिने चिमट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चिमट्याने लगेच मोजलं, तिचा तोल डावीकडे जात होता.

उन्हं कलली तेव्हा तिघं मोती तलावाकाठी आले. रस्त्यावरून बिनचाकी गाड्या आवाज न करता सरकत होत्या. अशा गाडीला तेलाचा डबा लागत नाही. पण त्यांच्या पोटातही काहीतरी फिरत असणारच, आणि जे फिरतं त्याचा तोल कधी ना कधी कोणाला तरी साधावा लागणारच, असं गोदाच्या मनात आलं. मोठेपणी आपण काय करायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण कोणाला सांगितलं नाही.

कोपऱ्यावर लाल टपालपेटी उभी होती. शहरात तेवढी एकच उरली होती. टपाल खात्याचं उडतं यान दर गुरुवारी येऊन ती रिकामी करायचं. आज बुधवार होता.

आजोबांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"काही राहिलं का लिहायचं?" गोदाने विचारलं.

"नाही."

"मग बोटं सोडा की, आजोबा."

"त्यांना राग आला तर?"

"आला तर चहा पिताना विचारू."

आजोबा हसले. पाकिटात, पानाच्या मागे, त्यांच्या बारीक अक्षरातली ती एक ओळ होती: "चहा चालूच ठेवा. पुढच्या सोमवारी डबा घेऊन आम्ही तिघे येत आहोत."

त्यांनी बोटं सोडली. पेटीच्या तळाशी टप्प असा आवाज झाला.